न्यूक मेड टेक: मिसुरीतून न्यू जर्सी किंवा टेक्सास, स्टेट लायसन्सचं नेमकं काय करायचं?

भटकी_मैना

नमस्कार मंडळी, इथे न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करणारं कोणी आहे का माहीत नाही, जुने एकदोन धागे चाळले पण ते सगळे एक्सरे आणि एमआरआयवाल्यांचे निघाले म्हणून नवीन काढतेय.

मी मिसुरीत सेंट लुईसच्या जवळ एका हॉस्पिटलमध्ये न्यूक मेड टेक आहे, म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट, रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध देऊन स्कॅन काढणारी. प्रोग्रॅम इथे अमेरिकेतच केला, एनएमटीसीबी म्हणजे आमच्या सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा पास, त्यांचं सीएनएमटी सर्टिफिकेट चालू आहे. आता नवऱ्याचा प्रोजेक्ट हलतोय, न्यू जर्सी किंवा टेक्सास यातलं एक होणार हे जवळपास नक्की (अधूनमधून कॅलिफोर्नियाचं नाव पण निघतं पण ते मी कानाआड करते). मिसुरीत मला आजवर कुणी स्टेट लायसन्स मागितलंच नाही, एचआरने सीएनएमटीचं कार्ड बघितलं, बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट) बघितलं, इम्युनायझेशनचे कागद घेतले आणि झालं. परवा न्यू जर्सीच्या एका रिक्रूटरने फोनवर पहिलाच प्रश्न टाकला, एनजे लायसन्स आहे का? मी म्हटलं सीएनएमटी आहे, तर म्हणाली ते नाही हो, स्टेटचं. मी गप्प.

तर मला विचारायचंय की परत परीक्षा द्यावी लागते का, नोकरी हातात नसताना अर्ज करता येतो का, आणि साधारण कधी सुरुवात करावी. शिवाय मी बराचसा वेळ पेट-सीटीवर (पेट आणि सीटी स्कॅन एकाच मशीनवर) असते पण सीटीची वेगळी परीक्षा दिलेली नाही, त्यावरून काही अडेल का? ज्यांनी स्टेट बदललंय त्यांनी प्लीज लिहा.

---

शिसेपेटी

मैनाताई, परीक्षेचं टेन्शन आधी काढून टाका. बहुतेक सगळी लायसन्स देणारी राज्यं एनएमटीसीबी किंवा एआरआरटी (रेडिओलॉजीवाल्यांचं दुसरं सर्टिफिकेशन बोर्ड) यांचा निकालच ग्राह्य धरतात, तुम्हाला परत बसून टेक्निशियमचं हाफ लाइफ लिहायला कोणी लावत नाही. तुमच्याकडे सीएनएमटी आहे, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याकडे एआरआरटीचं आरटी-एन असेल, दोन्ही चालतं.

गोंधळ होतो तो यामुळे की सीएनएमटी हे देशभर चालणारं सर्टिफिकेट आहे आणि ते देणारी संस्था सरकारी नाही, एनएमटीसीबी १९७७ पासून आहे, एआरआरटी तर १९२२ पासूनची. ते सर्टिफिकेट सांगतं की तुम्हाला काम येतं. काम करायची परवानगी द्यायची का नाही हे राज्य ठरवतं, आणि केंद्र सरकारने यात हात घातलेलाच नाही. म्हणजे १९८१ साली रेडिएशन हेल्थ अँड सेफ्टीचा एक कायदा झाला, त्यात टेक्नॉलॉजिस्टांसाठी किमान पात्रता काय असावी ते ठरवायला सांगितलं, पण राज्यांवर ते बंधनकारक केलं नाही, तुम्हाला वाटलं तर घ्या. नंतर ते सक्तीचं करायची बिलं काँग्रेसमध्ये येत राहिली आणि अडकत राहिली. म्हणून आज चित्र असं की मिसुरी, मिशिगन, अलास्का अशा ठिकाणी न्यूक मेड टेकला राज्याचं लायसन्सच नाही, तिथे हॉस्पिटल स्वतः सीएनएमटी किंवा आरटी-एन मागतं तेवढंच, आणि न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा, ओहायो, अ‍ॅरिझोना, मॅसॅच्युसेट्स इथे लायसन्स नसेल तर पेशंटला हात लावायचा नाही.

रिक्रूटर तेवढ्यासाठीच आधी विचारते. लायसन्स नसलेला माणूस सबमिट करून तिला काय मिळणार, विशेषतः ट्रॅव्हल काँट्रॅक्ट असेल तर, तेरा आठवड्यांच्या काँट्रॅक्टमध्ये अर्धा वेळ कागदाची वाट बघण्यात गेला तर कोण घेईल.

आणि हो, नोकरी नसताना अर्ज करता येतो. करावाच.

---

गार्डनस्टेटवाले_काका

न्यू जर्सीचं मी सांगतो, आमच्या सौ. याच धंद्यात आहेत (काका म्हणू नका अशी विनंती, नाव घेऊन झालंय आता बदलता येत नाही).

पहिली गंमत म्हणजे लोक ते लायसन्स हेल्थ डिपार्टमेंटच्या साइटवर शोधत बसतात आणि ते तिथे नाहीच. न्यू जर्सीत हे काम पर्यावरण खात्याकडे आहे, म्हणजे डीईपी, हवा-पाणी-कचरा बघणारं जे खातं तेच. त्यांच्याखाली रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी बोर्ड ऑफ एक्झामिनर्स आहे आणि न्यूक्लिअर मेडिसिनचं लायसन्स एक्सरेवाल्यांपेक्षा वेगळं असतं. तेव्हा फॉर्म भरताना नीट बघा, यादीत डायग्नॉस्टिक, थेरपी, न्यूक्लिअर असे प्रकार असतात, चुकीचा निवडला तर फी गेली आणि वेळही गेला.

प्रत्येक राज्याचं घर वेगळं. टेक्सासमध्ये हे मेडिकल बोर्डाकडे आहे, पूर्वी हेल्थ सर्व्हिसेस खात्याकडे होतं, २०१५ च्या कायद्याने हलवलं, त्यामुळे जुन्या ब्लॉगवर जुन्या लिंका सापडतील त्या सोडून द्या. तिथे लायसन्सवर न्यूक मेड असं ठळक काही येत नाही, मेडिकल रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजिस्ट म्हणजे एमआरटी अशा एकाच छत्रीखाली सगळे. इलिनॉयमध्ये तर इमर्जन्सी मॅनेजमेंटवाल्यांकडे, पूर-वादळं बघणारी मंडळी. मेरीलँडमध्ये बोर्ड ऑफ फिजिशियन्स. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थच्या रेडिओलॉजिक हेल्थ ब्रँचकडे, आणि त्यांच्या कागदाला सीटीएनएम म्हणतात, तुमच्या सीएनएमटीची अक्षरं पत्त्यासारखी पिसलीत जणू. जाहिरातीत सीटीएनएम रिक्वायर्ड दिसलं तर ती टायपिंगची चूक समजू नका, तेच हवं असतं त्यांना.

एकात एक गुंतलेला प्रकार आहे सगळा. नर्सांना कॉम्पॅक्ट आहे, एका राज्याच्या लायसन्सवर कित्येक राज्यांत काम करता येतं, आपल्याकडे तसलं काही चालू नाही, राज्य बदललं की नवा अर्ज, नवी फी, नवं व्हेरिफिकेशन.

---

भटकी_मैना

काका (सॉरी!) आणि शिसेपेटी, खूप खूप आभार. डीईपी कधीच डोक्यात आलं नसतं, मी खरंच हेल्थच्या साइटवर शोधत होते. व्हेरिफिकेशन म्हणजे नेमकं काय मागतात? मिसुरीचं लायसन्सच नाही तर जुन्या राज्याकडून काय मागवायचं?

---

शिसेपेटी

जुन्या राज्यात लायसन्स नव्हतं तर तिथून काही येणार नाही, फॉर्मवर तो भाग असेल तिथे लागू नाही असं लिहायचं, मोकळा सोडायचा नाही. मोकळी जागा दिसली की क्लार्क अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला टाकतो आणि तुम्हाला कळवतीलच असं नाही. व्हेरिफिकेशन मुख्य असतं ते एनएमटीसीबीकडून, काही ठिकाणी ते बोर्डाने थेट पाठवावं लागतं, तुम्ही काढलेला स्क्रीनशॉट चालत नाही. शाळेचा ट्रान्सक्रिप्ट पण बऱ्याच ठिकाणी सीलबंद किंवा शाळेकडून थेट. टेक्सासला बोटांचे ठसे आणि त्यांच्या नियमांवर एक ज्युरिस्प्रुडन्स टेस्ट असते, घाबरण्यासारखी नाही पण द्यावी लागते, आणि नंतर रिन्यू करताना मानवी तस्करीबद्दलचा एक कोर्स पण मागतात, तो आरोग्यसेवेतल्या बऱ्याच जणांना आहे तिथे.

---

उखाणेवाली

व्हेरिफिकेशनचा विषय निघालाच आहे तर मी माझं रडगाणं गाते कारण हे आपल्याच लोकांना होतं. नाव!!

माझ्या पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आहे म्हणजे माझं, नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव. प्रोग्रॅमला प्रवेश घेतला तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर माहेरचं नाव गेलं कारण भारतातली डिग्री त्या नावाची होती, तिथे मधलं नाव वडिलांचं. सोशल सिक्युरिटी कार्डावर मधलं नावच नाही. आणि परीक्षेच्या रजिस्ट्रीत मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर, ते सुद्धा वडिलांच्या नावाचं. एका राज्याच्या ऑफिसात हे चार कागद एकाच बाईचे आहेत हे त्यांना मान्यच होईना. मी फोन करून सांगतेय की आमच्याकडे मधलं नाव हे बाई लग्नाआधी वडिलांचं लावते आणि नंतर नवऱ्याचं, तर पलीकडची बाई म्हणते मॅडम मग तुमचं मिडल नेम नक्की कुठलं? काय सांगणार कप्पाळ. शेवटी मॅरेज सर्टिफिकेट, त्यात ते मराठीत, त्याचं सर्टिफाइड भाषांतर, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटराइज्ड अ‍ॅफिडेव्हिट एवढं सगळं पाठवलं तेव्हा फाइल हलली. तोवर ज्या सेंटरने ऑफर दिली होती त्यांनी जागा दुसऱ्याला देऊन टाकली.

तेव्हा मैना, अर्ज करायच्या आधी एक काम कर. सगळे कागद जमिनीवर ओळीने मांड, सोशल, पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, ट्रान्सक्रिप्ट, सीएनएमटी, बीएलएस, आणि नावाचं अक्षर न अक्षर जुळव. जिथे जुळत नाही तिथे आधी रजिस्ट्रीत बदल करून घे. एनएमटीसीबीत नाव बदलायला कागद पाठवावे लागतात पण ते राज्याच्या ऑफिसपेक्षा लवकर होतं.

---

गार्डनस्टेटवाले_काका

उखाणेवाली +१००. आमच्याकडे आडनावाच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू का व्ही यावरून झालं होतं.

---

धीमा_न्यूट्रॉन

पेट-सीटीच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितोय, कारण लायसन्सइतकंच, खरं तर मला वाटतं लायसन्सपेक्षा जास्त महत्त्वाचं हेच आहे आणि याच्यावर लोक नंतर आपटतात.

मशीन एक आहे पण कायद्याच्या नजरेत तिथे दोन वेगळी रेडिएशन आहेत. पेशंटच्या अंगात तुम्ही दिलेलं एफडीजी, ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह मटेरियल, त्याचे नियम वेगळे. सीटीची ट्यूब मात्र एक्सरे, आणि एक्सरेचे नियम राज्याचे, अगदी पहिल्यापासून. आता तुम्ही जो लो डोस सीटी मारता तो अ‍ॅटेन्युएशन करेक्शन (शरीरात शोषल्या गेलेल्या सिग्नलची भरपाई) आणि जागा कळण्यासाठी, तो पेटचाच भाग म्हणून बऱ्याच ठिकाणी न्यूक मेड टेकला करू देतात. पण त्याच टेबलावर, त्याच पेशंटचा काँट्रास्ट देऊन पूर्ण डायग्नॉस्टिक सीटी काढायचा म्हटलं की काही राज्यं म्हणतात थांबा, सीटीचं क्रेडेन्शियल दाखवा, काही म्हणतात वेगळं एक्सरेचं लायसन्स दाखवा, आणि काही ठिकाणी दोन टेक उभे असतात, एक इंजेक्शन आणि पेट बघणार, दुसरा सीटीचं बटण दाबणार. लुइझियानाने तर फ्यूजन टेक्नॉलॉजिस्ट असा वेगळा प्रकारच केलाय.

म्हणून इंटरव्ह्यूत मोघम विचारू नका. पेट-सीटी करता का, असं विचारलं तर ते हो म्हणणारच. विचारा की डायग्नॉस्टिक सीटी न्यूक मेड टेक काढतो का, काँट्रास्ट कोण देतं, आणि त्यासाठी तुम्ही कुठलं क्रेडेन्शियल मागता. मग तेच बोर्डाला ईमेलने विचारा, फोनवर नको, ईमेलचं उत्तर प्रिंट काढून ठेवता येतं. मॅनेजर सांगतो आमच्याकडे सगळेच करतात, पण उद्या इन्स्पेक्टर आला तर लायसन्स तुमचं पणाला लागतं, मॅनेजरचं नाही.

आणि माझा आगाऊ सल्ला, मिसुरीत आहात तोवर सीटीची परीक्षा द्यायच्या मागे लागा. एनएमटीसीबीची सीटीची परीक्षा आहे आणि एआरआरटीची पण आहे, सीएनएमटीवाल्याला एआरआरटीचं सीटी दार उघडं आहे. एआरआरटीला १६ तासांचं शिक्षण आणि ठराविक प्रोसिजर केल्याची नोंद लागते, ती नोंद कुणीतरी समोर उभं राहून केल्याचं सही करून द्यावं लागतं. नव्या ठिकाणी पहिले काही महिने कोण तुमच्यासाठी सह्या करत बसणार, आत्ता ओळखीची माणसं आहेत, उरकून घ्या.

---

परळचा_पाहुणा

मध्येच घुसतोय, माफ करा. मी भारतात आहे, परळच्या आरएमसीतून (रेडिएशन मेडिसिन सेंटर) डीएमआरआयटी म्हणजे न्यूक्लिअर मेडिसिनच्या टेकचा डिप्लोमा केलाय, काही वर्षं काम पण झालंय, बायको अमेरिकेत आहे त्यामुळे यायचा विचार चाललाय. वर वाचून असं वाटतंय की मिसुरीसारख्या राज्यात लायसन्स नाही म्हणजे मला थेट काम मिळू शकेल, बरोबर का?

---

शिसेपेटी

पाहुणे, दुर्दैवाने नाही. राज्य मागत नाही पण हॉस्पिटल मागतं, आणि हॉस्पिटल नाही तरी सेंटरचं अ‍ॅक्रेडिटेशन आणि इन्शुरन्स कंपन्या मागतात, म्हणजे फिरून परत सीएनएमटी नाहीतर आरटी-एन. एआरआरटीला त्यांनी मान्य केलेलाच प्रोग्रॅम लागतो आणि वर किमान असोसिएट डिग्री. डीएमआरआयटी म्हणजे आपल्याकडचं एक नंबरचं शिक्षण आहे, माझ्या माहितीतले तिथून आलेले लोक हॉट लॅबमध्ये (रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषधं तयार करायची खोली) इथल्यांना शिकवतील असे आहेत, पण इथल्या फॉर्मवर त्याला रकाना नाही. ज्यांनी केलंय त्यांनी इथला सर्टिफिकेट प्रोग्रॅम परत केलाय. भारतातली डिग्री इव्हॅल्युएट करून घेतली तर फिजिक्स, केमिस्ट्री, अ‍ॅनाटॉमी असले विषय माफ होऊ शकतात आणि कालावधी कमी होतो, त्यामुळे तो खर्च वाया जात नाही. येण्याआधी सिलॅबसच्या प्रती कॉलेजच्या शिक्क्यासकट घेऊन या, इथून मागवायला गेलात तर वाट बघून डोळे पांढरे होतील.

---

परळचा_पाहुणा

हं. वाईट वाटलं पण आत्ता कळलं ते बरं झालं. सिलॅबसचं करतो.

---

धीमा_न्यूट्रॉन

अजून एक, मैनाताईंना मिसुरीतून बाहेर पडल्यावर जाणवेल. मिसुरी हे अ‍ॅग्रीमेंट स्टेट नाही, म्हणजे तुमच्या डिपार्टमेंटला रेडिओअ‍ॅक्टिव्ह मटेरियलचं लायसन्स थेट एनआरसीचं (केंद्राचं अणु नियामक मंडळ) आहे आणि तपासणीला येणारा माणूस एनआरसीचा. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया ही अ‍ॅग्रीमेंट स्टेट्स, तिथे एनआरसीने अधिकार राज्याला दिलेत, इन्स्पेक्टर राज्याचा आणि नियमावली पण राज्याची. टेकच्या लायसन्सशी याचा संबंध नाही, ते हॉस्पिटलचं लायसन्स, पण रोजचं काम त्याच्यावर चालतं. मूळ आकडे बहुतेक तेच राहतात, वर्षाला ५ रेमची मर्यादा तीच, सकाळी जनरेटर मिल्क केल्यावर (त्यातून टेक्निशियम काढल्यावर) मॉलीचा, म्हणजे त्यात मिसळून आलेल्या मॉलिब्डेनमचा, आकडा दर मिलिक्युरी टेक्निशियमला ०.१५ मायक्रोक्युरीच्या आत हवा हे तेच, रेडिओअ‍ॅक्टिव्ह मालाचा डब्बा आला की वाइप आणि सर्व्हे (रेडिएशन कुठे सांडलंय का याची तपासणी) वेळेत करायचा तेच. बदलतात ते फॉर्म, नोंदी किती वर्षं ठेवायच्या, कुठला अपघात कुणाला किती वेळात कळवायचा असले प्रकार. पहिल्याच आठवड्यात तिथल्या आरएसओला (रेडिएशन सेफ्टी ऑफिसर) गाठून राज्याचे वेगळे नियम कुठले ते विचारून घ्या, ते खूश होतात, त्यांना कोणी विचारतच नाही.

जाताना जुन्या हॉस्पिटलकडून डोसिमेट्रीचा (अंगावर किती रेडिएशन पडलं त्याचा) रिपोर्ट मागून घ्या, बॅज आणि रिंग दोन्हीचा. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलताय, नवीन लोकांना या वर्षीचा आधीचा डोस लागतो.

---

भटकी_मैना

बापरे, एवढं सगळं. मी प्रिंट काढून फ्रिजवर लावतेय.

काल रात्री उखाणेवाली म्हणाली तसं कागद मांडून बघितले. ट्रान्सक्रिप्टवर आणि सीएनएमटीवर नाव सारखं आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नाव अर्धंच छापलंय कारण रकाना संपला, आणि बीएलएसवर आडनावात एक अक्षर जास्त. बीएलएसचं आजच करायला सांगितलं.

अजून दोनच शंका. न्यू जर्सी आणि टेक्सास दोन्हीकडे एकदम अर्ज टाकले तर वाईट दिसतं का? आणि सीईचे (कंटिन्युइंग एज्युकेशन) तास, ते राज्याचे वेगळे आणि एनएमटीसीबीचे वेगळे करावे लागतात का?

---

गार्डनस्टेटवाले_काका

दोन्हीकडे टाका, कुणाला काही वाटत नाही, ट्रॅव्हलर मंडळींकडे तर कित्येक राज्यांची लायसन्स असतात. फक्त एका राज्याचं आधी मिळालं की दुसऱ्या अर्जात ते नोंदवावं लागतं, तुमच्याकडे इतर कुठलं लायसन्स आहे का या प्रश्नाला खरं उत्तर हवं. न वापरलेलं लायसन्स पुढे रिन्यू करायचं का नाही ते नंतर बघा.

---

शिसेपेटी

सीईचं, एनएमटीसीबीला दोन वर्षांत २४ तास, तेच तास बहुतेक राज्यांत चालतात, वेगळे करायची गरज नसते. पण दोघांच्या तारखा जुळत नाहीत ही डोकेदुखी आहे. एकाची मुदत तुमच्या सर्टिफिकेशनच्या हिशोबाने, दुसऱ्याची लायसन्स दिलं त्या हिशोबाने किंवा वाढदिवसाच्या महिन्याने, आणि एका मुदतीतले तास पुढच्या मुदतीत ओढता येत नाहीत. मी सगळी सर्टिफिकेटं तारखेच्या नावाने एका फोल्डरात टाकते, ऑडिट आलं की तारखांप्रमाणे उचलून द्यायची.

आणि ऑफर लेटर आलं की जॉइनिंग डेटच्या वर लायसन्स मिळण्याच्या अटीवर असं वाक्य आहे का ते बघा. असेल तर एचआरला लेखी विचारा की लायसन्सला उशीर झाला तर तारीख पुढे ढकलतात का ऑफर रद्द करतात, राजीनामा त्यानंतर.

---

उखाणेवाली

आणि मैना, ड्रायव्हिंग लायसन्सच्या त्या अर्ध्या नावाचं सोडून दे, रकाना संपला हे त्यांना कळतं. फॉर्मवर मात्र सोशलवर आहे तस्संच लिही. मराठीतलं मॅरेज सर्टिफिकेट असेल तर भाषांतर आत्ताच करून ठेव, लागलं नाही तरी पुढे कशाला ना कशाला लागतंच.